वाचकांचे प्रश्न : कमी खर्चात व्हॅनला पुढून विंच

(पावसाळ्यापूर्वीच्या या अंकासाठी आलेल्या पत्रांपैकी पाच पत्रे एकाच विषयाची, म्हणजे रुतलेली गाडी दोर गुंडाळत ओढून काढणाऱ्या विंच या यंत्राविषयीची होती, म्हणून त्यांची उत्तरे एकत्र देत आहोत.)

प्रश्न : आमच्याकडे सात वर्षांपूर्वी घेतलेली मारुती ईको आहे. मुरबाड तालुक्यात आमचे वडिलोपार्जित शेत असून डांबरी रस्ता संपल्यावर घरापर्यंत सुमारे तीनशे मीटर कच्ची वाट आहे. गेल्या वर्षी लावणीच्या दिवसांत खताची पोती घेऊन जाताना गाडी रुतली आणि गावातला ट्रॅक्टर मोकळा होईपर्यंत चार तास आम्ही पावसात उभे होतो. आता गाडीला पुढे विद्युत विंच बसवावे असा विचार आहे. ९,५०० पौंड ओढीच्या क्षमतेचे एक जुने विंच स्वस्तात मिळत आहे आणि ओळखीचे फॅब्रिकेटर ८ मिलिमीटरची प्लेट चेसिसला थेट वेल्ड करून देतो म्हणतात. सगळे मिळून पंचवीस हजारांच्या आत बसवायचे आहे. हा बेत योग्य आहे का?
— एक वाचक, भांडुप

उत्तर : आपली गरज खरी आहे, पण बेतातल्या दोन गोष्टी आधी बाजूला ठेवाव्यात अशी माझी आग्रहाची विनंती आहे. एक म्हणजे ते ९,५०० पौंडांचे विंच आणि दुसरी म्हणजे चेसिसला केलेले वेल्डिंग.

ईकोला बोलेरोसारखा स्वतंत्र चेसिस, म्हणजे गाडीचा भार पेलणारा वेगळा लोखंडी सांगाडा, नसतो. बॉडीच्याच पत्र्याला घड्या घालून केलेल्या दोन पोकळ पेट्या गाडीच्या दोन्ही बाजूंनी पुढून मागे जातात आणि गॅरेजमध्ये बोलताना त्यांनाच चेसिस म्हटले जाते. या पेट्यांचा पत्रा जेमतेम दीड-दोन मिलिमीटरचा असतो. विंच ज्या जोराने झाडाला ओढते, त्याच जोराने ते आपल्या माउंटलाही, म्हणजे ज्या लोखंडी बैठकीवर ते बसते तिलाही, ओढते आणि माउंट तो जोर जसाच्या तसा या पत्र्याकडे सोपवते. त्यामुळे प्लेट ८ मिलिमीटरची आहे की १२ मिलिमीटरची, याला फारसे महत्त्व नाही. जोर शेवटी ज्या पत्र्यात उतरतो तो पत्रा काय सोसेल, हे आधी पाहावे लागते.

हिशेब करून पाहू. विंचची क्षमता निवडताना भारासह गाडीच्या कमाल वजनाची दीडपट धरण्याचा प्रघात आहे. भरलेली ईको दीड टनाच्या आसपास जाते, म्हणजे सव्वादोन टन, म्हणजेच ४,५०० ते ५,००० पौंडांचे विंच आपल्याला पुरते. ४,५०० पौंड म्हणजे साधारण २,००० किलो. दोर पेट्यांच्या पातळीपेक्षा १५० मिलिमीटर वरून निघत असेल आणि प्रत्येक बाजूला एकमेकांपासून २०० मिलिमीटरवर एम-१२ चे दोन बोल्ट असतील, तर सरळ ओढ आणि पिळवटणारी ओढ मिळून प्रत्येक बोल्टवर सुमारे ९०० किलोंचा जोर येतो. १२ मिलिमीटरचा बोल्ट २ मिलिमीटरच्या दोन भिंतींना टेकतो तेव्हा त्याला ४८ चौरस मिलिमीटर जागा मिळते, म्हणजे प्रत्येक चौरस मिलिमीटरवर १९ किलोंचा दाब पडतो. साधे पोलाद २५ किलोंच्या आसपास कायमचे दबू लागते, म्हणून इथवर ठीक आहे. हाच हिशेब ९,५०० पौंडांच्या, म्हणजे ४,३०० किलोंच्या विंचला लावला की आकडा ४० किलोंवर जातो. बोल्ट तुटत नाही. बोल्टाभोवतीचा पत्रा दबतो, भोक लांबट होते, आणि पुढच्या खेपेला माउंट हलू लागते. मोठे विंच स्वस्तात मिळाले तरी ते आपल्या गाडीला महागात पडेल.

वजनाचाही विचार करावा. तारदोरासह मोठे विंच ४० किलोंच्या घरात जाते आणि माउंटचे २५ किलो धरले तर ६५ किलो पुढे लटकतात. हे वजन पुढच्या आसाच्या पाऊण मीटर पुढे असेल, तर ईकोच्या २,३५० मिलिमीटरच्या व्हीलबेसवर (दोन आसांमधल्या अंतरावर) पुढच्या आसावर सुमारे ८६ किलो वाढतात आणि मागच्या आसावरचे २१ किलो कमी होतात. ईको मागच्या चाकांवर चालते. ज्या चाकांनी चिखलातून बाहेर पडायचे, त्यांच्यावरचाच भार आपण अशा रीतीने हलका करून बसतो.

वेल्डिंगला माझा विरोध का, तेही सांगतो. पातळ पत्र्याच्या बंद पेटीवर बाहेरून वेल्डिंग केले की आतला रंग आणि संरक्षक थर जळतो. ती जागा पुन्हा कधी डोळ्यांना दिसत नाही आणि तिथे ब्रशही पोहोचत नाही. मुंबईच्या खाऱ्या दमट हवेत गंज तिथूनच, आतून सुरू होतो आणि दोन-तीन पावसाळ्यांनी पेटी नेमकी वेल्डच्या कडेने फाटते. म्हणून माउंट पेट्यांना बोल्टनेच बसवावे.

आता रचना कशी असावी ते पाहू. प्रत्येक पेटीच्या आतल्या आणि बाहेरच्या अंगाला ६ मिलिमीटर जाडीची, सुमारे २५० मिलिमीटर लांब आणि १०० मिलिमीटर रुंद अशी एकेक पट्टी ठेवून चारही पट्ट्या बोल्टने आवळाव्यात, म्हणजे जोर दोन भोकांवर न राहता लांबीभर पसरतो. मात्र पोकळ पेटीतून बोल्ट घालून तो नुसता आवळला, तर पेटी खोक्यासारखी चेपते, पाना फिरत राहतो आणि बोल्ट घट्ट झाल्याचा केवळ भास होतो. यासाठी प्रत्येक बोल्टाभोवती पेटीच्या नेमक्या रुंदीचा जाड पाइपचा तुकडा बसवावा लागतो. एका बाजूचे भोक पाइपच्या बाहेरच्या व्यासाइतके आणि दुसऱ्या बाजूचे केवळ बोल्टाइतके ठेवले, तर तो तुकडा आत सरकवता येतो आणि वरून पट्टी त्याला झाकते. असे चार तुकडे लेथवर काटकोनात कापून घेणे हे अर्ध्या तासाचे काम आहे, पण बहुतेक फॅब्रिकेटर ते टाळतात, म्हणून आपण स्वतः ते कापून घेऊन जावे. भोके पाडल्यावर कडांना रेड ऑक्साइड लावल्याशिवाय पट्टी बसवू देऊ नये.

दोन पेट्यांना जोडणारा आडवा भाग १०० मिलिमीटरच्या चॅनलचा, म्हणजे रुंद पाठ आणि काटकोनात वळलेल्या दोन कडा असलेल्या लोखंडी पन्हळीचा, करावा. याच ठिकाणी चूक होते आणि ती इतकी सर्रास होते की तिच्याविषयी सविस्तर लिहिणे मला आवश्यक वाटते. फॅब्रिकेटर चॅनल उभा लावतो, म्हणजे त्याची १०० मिलिमीटरची रुंद पाठ समोर येते. बंपरसारखे दिसते, विंचची प्लेट तिला सहज टेकवता येते, आणि काम झटपट होते. परंतु विंचची ओढ आडवी असते, पुढच्या दिशेला. लाकडी फळी आडवी टाकून मधोमध उभे राहिले तर ती वाकते आणि तीच फळी धारेवर उभी केली तर वाकत नाही, हे आपण सगळे जाणतो. इथे ओढ समोरून असल्यामुळे चॅनलची १०० मिलिमीटरची बाजू पुढून मागे गेली पाहिजे, म्हणजे पाठ जमिनीला समांतर आली पाहिजे. दोन्ही रीतींमधला ताकदीचा फरक पाचपट आहे. ८०० मिलिमीटरच्या अंतरावर मधोमध २,००० किलोंची ओढ आली, तर पाठ आडवी असलेल्या चॅनलमध्ये दर चौरस मिलिमीटरला ११ किलोंच्या आसपास ताण येतो. तोच चॅनल उभा लावला तर ताण ५० किलोंच्या पुढे जातो आणि चॅनल धनुष्यासारखा पुढे वाकतो. लोखंड तेवढेच, वजन तेवढेच, खर्चही तेवढाच. फरक केवळ तो कोणत्या कुशीवर ठेवला याचा.

विंच या चॅनलवर कायमचे बसवू नये. चॅनलच्या मध्यावर चौकोनी पाइपचे एक तोंड वेल्ड करावे. विंचच्या प्लेटला ५० मिलिमीटरचा चौकोनी दांडा जोडून तो या तोंडात सरकवावा आणि आडवी १६ मिलिमीटरची पिन घालावी. एरवी विंच मागे सामानाच्या जागेत राहते आणि गरज पडली की दोन मिनिटांत पुढे लागते. कायद्याच्या बाजूनेही हे का बरे, ते पुढच्या एका उत्तरात आले आहे. बाहेरचा पाइप विकत घेताना आतला दांडा सोबत न्यावा आणि दुकानातच घालून पाहावा. दोन-तीन मिलिमीटरपेक्षा जास्त खेळत असेल, तर ओढ आल्यावर विंच मान टाकते. पाइपच्या आत वेल्डची जी शीर असते, ती घासून काढल्याशिवाय दांडा शिरत नाही. शिवाय दोर पेट्यांच्या पातळीच्या जितका जवळून निघेल तितका चांगला, कारण वर दाखवलेली पिळवटणारी ओढ उंचीबरोबर वाढत जाते.

आता खर्च. ६ मिलिमीटरचा पत्रा चौरस मीटरला ४७ किलो भरतो आणि १०० चा चॅनल मीटरला साडेनऊ किलोंच्या आसपास. आपल्या सगळ्या कामाला मिळून २० ते २२ किलो लोखंड लागेल. हे लोखंड कारनाक बंदरला कापून उरलेल्या तुकड्यांत किलोच्या भावाने मिळते. सरळ, न गंजलेला तुकडा निवडून काट्यावर आपल्या डोळ्यांसमोर वजन करून घ्यावे. दुसरी बचत पुठ्ठ्याची आहे. बंपर स्वतः उतरवून पेट्यांचे माप घ्यावे, जाड पुठ्ठ्याच्या पट्ट्या कापून त्यांवर भोकांच्या जागा काढाव्यात, त्या गाडीला लावून पाहाव्यात आणि मगच त्या फॅब्रिकेटरच्या हाती द्याव्यात. गाळ्यात गाडी दिवसभर उभी ठेवून माप, कापणी आणि दुरुस्ती करत बसण्याची मजुरी त्यामुळे वाचते. विंच हातात आल्याशिवाय प्लेटला भोके पाडू नयेत. मोठ्या विंचची चार भोके २५४ बाय ११४ मिलिमीटरवर असतात. लहान विंचची मापे वेगळी असतात.

बोल्ट आणि वेल्डिंग या दोन जागी मात्र हात आखडता घेऊ नये. नागदेवी स्ट्रीटला बोल्ट घेताना डोक्यावर ८.८ हा आकडा उठवलेला आहे का, ते पाहावे. डोके कोरे असलेला बोल्ट दिसायला तसाच असला तरी त्याच्या ताकदीची हमी नसते. सोबत नायलॉक नट आणि जाड वॉशर घ्यावेत आणि एम-१२ चा बोल्ट टॉर्क पान्याने ८० न्यूटन-मीटरच्या आसपास आवळावा.

वेल्डिंगबद्दल एक आठवण सांगतो. साकीनाक्याच्या एका गाळ्यात एकदा असेच तयार माउंट माझ्यासमोर आले होते. काळा रंग चकचकीत होता, बीड, म्हणजे वेल्डची उठलेली रेघ, जाड आणि भरघोस दिसत होता. मी चिपिंग हातोड्याने कडेला तीन-चार ठोके मारले तेव्हा बोटभर लांबीचा बीड सालपटासारखा सुटून हातात आला. त्याच्या खालचा पत्रा जसाच्या तसा निळसर काळा होता. धातू वितळून एकजीव झालाच नव्हता, वरच्या पपडीवर नुसता बसला होता. ६ मिलिमीटरच्या पत्र्याची कड घासून तिरकी करावी, दोन्ही अंगांना पपडी निघून पांढरे लोखंड दिसेपर्यंत ग्राइंडर फिरवावा आणि मगच वेल्डिंग करावे, एवढे सांगायला आपण स्वतः तिथे उभे राहावे. रंग लावण्याआधी माउंट पाहायला मागावे. रंगाखाली सगळेच वेल्ड चांगले दिसतात.

शेवटी एक सूचना. गाडी रिमपर्यंत चिखलात गेली की तिला हलवायला साधारण तिच्या वजनाइतकी ओढ लागते आणि मडगार्डपर्यंत गेली की दुप्पट. म्हणून विंचचे बटण दाबण्याआधी चाकांसमोरचा चिखल फावड्याने उपसावा. दहा मिनिटांच्या त्या श्रमाने विंच, माउंट आणि पेट्या या तिघांवरचा भार खूप कमी होतो.

प्रश्न : मी व्हॅनला ४,५०० पौंडांचे विंच बसवले आहे. मोकळे असताना ते झपाझप फिरते, पण ओढ आली की हेडलाइट मंद होतात, विंच रडतखडत चालते आणि एकदा इंजिनही बंद पडले. वायर वेल्डिंग केबलच्या दुकानातून घेतली होती. मोटर खराब असेल का?
— एक वाचक, कांदिवली

उत्तर : मोटरपूर्वी केबलकडे पाहावे. या आकाराचे विंच पूर्ण ओढीला २०० अँपिअरच्या वर प्रवाह घेते. बॅटरीपासून विंच ३ मीटरवर असेल, तर जाण्यायेण्याची लांबी ६ मीटर होते. १६ चौरस मिलिमीटरच्या तांब्याच्या केबलमध्ये एवढ्या प्रवाहाला १.३ व्होल्ट वाटेतच जातात, २५ मध्ये ०.८ आणि ३५ मध्ये ०.६. ओढीखाली बॅटरी स्वतःच खाली आलेली असते, त्यातून आणखी व्होल्ट गेले की मोटर मंदावते, ओढ जास्त वेळ चालते आणि केबल तापते. आपण ३५ चौरस मिलिमीटरची केबल वापरावी.

केबल तांब्याचीच आहे ना, ते ब्लेडने तपासावे. कापलेल्या टोकातली एक तार घेऊन हलकेच खरवडली की तांबडा मुलामा निघून आत चंदेरी रंग दिसला, तर ते ॲल्युमिनियम आहे. अशी केबल हातात हलकी लागते आणि स्वस्त पडते. विंचसाठी ती घेऊ नये. लोहारचाळीत तांब्याची केबल मीटरवर मिळते, तिथेच केबलच्या टोकांना बसवायच्या तांब्याच्या लग घेऊन त्या दाबयंत्राने दाबून घ्याव्यात, हातोडीने ठोकून चपट्या करू नयेत. ऋण बाजूची केबल बॉडीला न जोडता थेट बॅटरीपर्यंत न्यावी. बॅटरीजवळ, हात पोहोचेल अशा जागी, मोठ्या प्रवाहाचा, वीज तोडणारा आयसोलेटर स्विच असलाच पाहिजे, कारण विंचच्या मोटरला वीज जोडणारा सोलेनॉइड चिकटला की बटण सोडले तरी ड्रम फिरत राहतो आणि त्या वेळी पाना शोधत बसायला वेळ नसतो. बंपरच्या पत्र्यातून केबल जिथे आत शिरते तिथे रबरी ग्रोमेट (भोकाच्या कडेला बसणारी कडी) घालावा.

लहान व्हॅनची बॅटरी ३५ अँपिअर-तासांच्या आसपास असते. इंजिन चालू ठेवून, आरपीएम थोडे वाढवून, एका वेळी अर्ध्या मिनिटापेक्षा जास्त न ओढता मध्ये विश्रांती द्यावी. त्या विश्रांतीत मोटरच्या कवचाला हात लावून पाहावा. हात ठेववत नसेल तर थांबावे.

प्रश्न : पुढे विंच आणि लोखंडी बंपर लावलेली गाडी पोलीस अडवतात असे ऐकतो. कायदा नेमके काय म्हणतो?
— एक वाचक, मुलुंड

उत्तर : मोटार वाहन अधिनियम, १९८८ च्या कलम ५२ प्रमाणे नोंदणी प्रमाणपत्रातील, निर्मात्याने मुळात दिलेल्या तपशिलाशी विसंगत ठरेल असा बदल गाडीत करता येत नाही. डिसेंबर २०१७ मध्ये केंद्रीय रस्ते वाहतूक मंत्रालयाने क्रॅश गार्ड आणि बुल बार (बंपरपुढे लावायचे लोखंडी कठडे) यांच्यावर कारवाई करण्याविषयी राज्यांना कळवले. २०१९ च्या दुरुस्तीनंतर कलम १८२-अ खाली परवानगी नसलेल्या प्रत्येक बदलासाठी मालकाला ५,००० रुपये दंड, सहा महिन्यांपर्यंत कैद किंवा दोन्ही होऊ शकतात. या नियमांमागचे कारण मला पूर्ण पटते. पुढे आलेले ताठ लोखंड पादचाऱ्याच्या मांडीला आणि कमरेला लागते, गाडीचा पुढचा भाग ज्या रीतीने चेपून आतल्या माणसांना वाचवतो त्यात अडथळा आणते आणि एअरबॅगच्या सेन्सरला मिळणारा धक्काही बदलते. मुंबईच्या गर्दीत रोज फिरणाऱ्या गाडीला कायमचा लोखंडी बंपर लावू नये, हेच माझे मत आहे.

म्हणूनच वरच्या उत्तरात काढता-घालता येणारे विंच सुचवले. रस्त्यावर असताना गाडीच्या बाहेर काहीही डोकावू नये, मूळ प्लॅस्टिकचा बंपर जागेवर असावा आणि नंबर प्लेट झाकली जाऊ नये. तरीही आडवा चॅनल हा बदलच आहे. काम सुरू करण्याआधी रेखाटन घेऊन वडाळ्याच्या आरटीओत लेखी विचारणा करावी आणि विमा कंपनीलाही लेखी कळवावे, म्हणजे पुढे दाव्याच्या वेळी वाद होणार नाही. चॅनल पादचाऱ्याच्या किंवा पुढच्या टकरीच्या वाटेत येऊ नये म्हणून तो बंपरच्या मागे जितका आत ठेवता येईल तितका ठेवावा. एअरबॅग असलेल्या गाडीत सेन्सर कुठे आहेत ते अधिकृत सेवा केंद्रात विचारल्याशिवाय पुढच्या भागात एकही भोक पाडू नये.

प्रश्न : दारूखान्यातून जहाजावरचा ८ मिलिमीटरचा तारदोर, दोन शॅकल (पिनेने बंद होणाऱ्या कड्या) आणि एक कप्पी फार स्वस्तात आणली आहे. विंचला वापरू का?
— एक वाचक, गिरगाव

उत्तर : तारदोर वापरू नये. जहाजावर तो किती वर्षे मिठाच्या पाण्यात होता ते कोणालाच माहीत नसते, आणि तारदोर आधी आतून सडतो. त्याची एक वीत वाकवून उलट दिशेने थोडी पिळून पाहा. पीळ उघडल्यावर आतून तांबूस भुकटी पडली, तर वरचे ग्रीस केवळ देखाव्याचे आहे असे समजावे. ताणलेला तारदोर तुटला की टोक चाबकासारखे उलटते आणि अशा अपघातात माणसे दगावलेली आहेत. या एका वस्तूसाठी नवा खर्च करावाच.

परवडत असेल तर सिंथेटिक दोर घ्यावा. तो हलका असतो, तुटला तरी तारेइतका उसळत नाही आणि हातात कुसळे शिरत नाहीत. पण तो उन्हाने आणि चिखलातल्या वाळूने झिजतो, म्हणून धुऊन, झाकून ठेवावा लागतो. सिंथेटिक दोराला गुळगुळीत ॲल्युमिनियमचा फेअरलीड, म्हणजे दोर ज्यातून बाहेर पडतो ते तोंड, लागतो. तारेने ओरखडलेल्या जुन्या रोलरवरून तो नेला तर पहिल्याच ओढीत कापला जाईल.

शॅकलवर टनांचा आकडा आणि बनावटीचे चिन्ह उठवलेले असेल, पिन शेवटपर्यंत हाताने फिरत असेल आणि कमान सरळ असेल, तर ती ठेवायला हरकत नाही. आकडा नसेल तर भंगारात द्यावी. कप्पीच्या बाबतीत बाजूच्या पाट्या उघडतात का आणि खाच आपल्या दोराच्या जाडीची आहे का, ते पाहावे. कप्पी चांगली असेल तर ती आपल्या फार कामाची आहे. ती झाडाला बांधून दोराचे टोक परत गाडीकडे आणले, तर गाडीला जवळजवळ दुप्पट ओढ मिळते आणि वेग निम्मा होतो. ते टोक विंचच्या माउंटला न अडकवता गाडीच्या मूळ टो हुकाला अडकवावे, म्हणजे माउंटवर विंचच्या एकेरी ओढीपेक्षा जास्त भार येत नाही. झाडाला बांधलेला पट्टा आणि शॅकल मात्र दुप्पट भार सोसतात, हे लक्षात ठेवून त्या निवडाव्यात.

दोर ड्रमवर किती गुंडाळलेला आहे यावरही ओढ ठरते. विंचवर लिहिलेली क्षमता ड्रमवरच्या पहिल्या थराची असते. चौथ्या थरावर ती साठ टक्क्यांच्या आसपास उरते. म्हणून झाड जवळ असले तरी लांबचे झाड निवडावे किंवा कप्पी वापरावी. तारदोराचे किमान पाच आणि सिंथेटिक दोराचे आठ-दहा वेढे ड्रमवर राहिलेच पाहिजेत. पट्टा आंब्याच्या किंवा जांभळाच्या बुंध्याला, जमिनीलगत बांधावा. शेवग्याचे लाकूड ठिसूळ असते, त्याला आणि विजेच्या खांबाला कधीही बांधू नये. झाडच नसेल तर स्टेपनी बांधापलीकडे खोल पुरून तिला दोर बांधता येतो. दोरावर मधोमध गोणपाट किंवा जाड जाजम टाकावे, आणि दोराच्या दोन्ही बाजूंना, दोराच्या लांबीइतक्या अंतरात, कोणीही उभे राहू नये.

प्रश्न : माझ्याकडे टाटा विंगर आहे. थारसाठी तयार केलेले जुने विंच माउंट मिळत आहे. जोडपट्ट्या लावून बसवता येईल का?
— एक वाचक, बोरिवली

उत्तर : बसवू नये. थारला शिडीसारखा स्वतंत्र चेसिस आहे आणि ते माउंट त्याच्या जाड टोकांसाठी घडवलेले आहे. विंगरची बॉडी एकसंध पत्र्याची आहे. जोडपट्ट्या जितक्या लांब कराल तितकी ती टोके तरफेसारखी पत्रा उपटतील. भरलेली विंगर तीन टनांच्या आसपास जात असल्याने तिला दीडपटीच्या हिशेबाने साडेचार टनांचे विंच लागेल, आणि वर ईकोसाठी जो पत्र्याचा हिशेब दिला तो इथे आणखी प्रतिकूल होतो. शिवाय इंजिन आणि ओढणारी चाके पुढेच असल्याने पुढच्या आसावर आधीच भरपूर भार आहे.

कमी खर्चात आपले काम हाताच्या दांड्याने चालणाऱ्या ओढयंत्राने होईल. नागदेवीला ही यंत्रे वेगवेगळ्या टनांची मिळतात. त्यांना बॅटरी लागत नाही, गाडीत एकही भोक पाडावे लागत नाही, आणि पुढूनच नव्हे तर मागूनही ओढता येते, जे रुतलेल्या गाडीच्या बाबतीत बहुतेक वेळा सोपे असते, कारण ज्या वाटेने गाडी आत गेली ती वाट चाकांनी आधीच मोकळी केलेली असते. ओढ दोन्ही बाजूंच्या मूळ टो हुकांना पट्ट्याने विभागून द्यावी, पट्ट्याच्या दोन फाट्यांमधला कोन साठ अंशांपेक्षा मोठा होऊ देऊ नये, आणि विंगरला पुढे किंवा मागे एकच हुक असेल तर ओढ अगदी सरळ रेषेत ठेवावी. दांडा एका माणसाच्या जोराने हलेनासा झाला की त्याला पाइप जोडून लांबी वाढवू नये. यंत्रातली पिन त्याच वेळी तुटावी अशीच बसवलेली असते. तिच्या जागी दुसरा खिळा घालू नये आणि मूळ मापाच्या दोन पिना यंत्रासोबतच विकत घेऊन दांड्याला बांधून ठेवाव्यात.